सोलापूरच्या माळासाठी लोकांना एकत्र आणायचं तर: गायरानावरच्या कार्यक्रमाची जागेपासून नोंदवहीपर्यंतची तयारी

सोलापूर जिल्ह्यात जमीन वाचवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर खड्डे, रोपं आणि पाण्याचा टँकर येतो. आपला माळ मात्र झाडं नसल्यामुळे उजाड झालेला नाही. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, वीतभर मातीखाली मुरूम आणि त्यावर गवत, असा हा मूळचाच गवताळ प्रदेश आहे. सरकारी कागदावर त्याला पडीक म्हटलं जातं आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. बार्शी रस्त्यावर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. पुढे त्याच पट्ट्यात गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडं लावली गेली. माळढोकाला लांबवर मोकळी नजर लागते, धाविक आणि पखुर्डी या पक्ष्यांना उघडी जमीन लागते, काळविटाला पळायला रान लागतं. त्यामुळे माळावरच्या कार्यक्रमाचा पहिला नियम असा की तिथे वृक्षारोपण करायचं नाही. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते एक झाड लावायचंच असेल, तर ते शाळेच्या आवारात किंवा गावठाणात लावा.

मग करायचं काय? बाहेरून येऊन माळभर पसरलेली वेडी बाभूळ काढायची, गवताचं बी गोळा करून उघड्या पडलेल्या जागी पेरायचं, माळाची हद्द कागदावर पक्की करायची आणि गावातल्या व शहरातल्या लोकांना माळ ओळखायला शिकवायचं. ही चार कामं एका दिवसात होत नाहीत. एकाच तुकड्यावर वर्षातून चार वेळा जायचं, असंच नियोजन करा. दोनशे माणसं एकदा येऊन गेल्यापेक्षा तीस माणसं चारदा आलेली माळाला जास्त उपयोगी पडतात.

जागा आणि कागद

पहिल्या वर्षी एक हेक्टर, फार तर दोन. गावाचं गायरान सर्वात बरं. त्यावर गावाचा हक्क असतो आणि निर्णय ग्रामसभेत होऊ शकतो. सातबारा काढा. भोगवटादार म्हणून सरकार आणि इतर हक्कात गुरचरण अशी नोंद दिसते का, ते बघा. सोबत गट नकाशा घ्या आणि तो हातात धरून गावातल्या दोन जुन्या माणसांबरोबर हद्दीवरून पायी फिरा. बांध सरकलेला असेल तर तो वाद श्रमदानाच्या दिवशी अंगावर येतो, म्हणून आधीच ग्रामपंचायतीमार्फत भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं. ग्रामसभेत हा निकाल माहीत असलेला एक जण असावा. पण श्रमदानाचा दिवस अतिक्रमण हटवण्यासाठी वापरू नका. ती लढाई कागदावर आणि वेगळी लढायची असते.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. ऑक्टोबरमध्ये काम करायचं असेल तर विषय १५ ऑगस्टच्या सभेत मांडा. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: गट क्रमांक आणि तुकड्याचं क्षेत्र, कोणती झाडं काढायची, निघालेलं लाकूड कोणाला जाणार आणि किती महिने चराई बंद राहणार. लाकडाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण भांडण हमखास त्यावरूनच होतं.

जमीन वन विभागाची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे किमान महिनाभर आधी लेखी अर्ज करा आणि लेखी परवानगी हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नका. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय गवताचं बीसुद्धा उचलता येत नाही. महापालिकेच्या हद्दीत झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे पैसे न घेता वस्तू घ्या: कोणी पाण्याचे जार देईल, कोणी टेम्पो.

मेंढपाळांशी बोलणं सगळ्यात आधी

ठरावाच्याही आधी. त्या माळावर कोण चारतं, कोणत्या महिन्यात, मेंढ्या किती आणि पाण्याला कुठे जातात, हे धनगर वाड्यावर जाऊन विचारा. तुकडा बंद केल्याचा पहिला तोटा त्यांनाच होतो. चांगल्या पावसाळ्यानंतर बंद तुकड्यात गवत कमरेला लागतं, ते कापून न्यायचा पहिला हक्क त्यांना द्या आणि तो ठरावात लिहा. सगळं गायरान एकदम बंद करू नका. त्याचे चार भाग करून दर वर्षी एकच भाग बंद ठेवला तर चारण्याला जागा उरते आणि चार वर्षांत प्रत्येक भागाला विसावा मिळतो. माळ चराईमुळे संपत नाही, एकाच जागी बारमाही चराई झाल्याने संपतो. हा फरक शहरातून येणाऱ्या स्वयंसेवकांनाही आधी समजावून सांगा, नाहीतर कोणीतरी मेंढ्या हाकलायला धावतो आणि वर्षभराची मेहनत एका सकाळी वाया जाते.

आणखी एक गोष्ट. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट भागात बऱ्याच घरांची भाषा कन्नड असते, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. निमंत्रणाचा कागद मराठीबरोबर त्या भाषेतही काढा आणि सूचना सांगणारा एक जण ती भाषा बोलणारा ठेवा.

कोणत्या महिन्यात काय

इथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात. माळटिटवी आणि धाविक मार्चपासून पावसाळ्यापर्यंत, चंडोल पावसाच्या आसपास. माळढोक एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्यावर. त्यामुळे मार्च ते ऑगस्ट माळावर गर्दीचा कोणताही कार्यक्रम नको. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो खरा, पण त्या दिवशी कार्यक्रम गावात घ्या.

बाभूळ काढण्याचा दिवस ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवा. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, जमीन खोलवर ओली असते आणि कुदळ चालते. डिसेंबरमध्ये तोच मुरूम दगड होतो. गवताचं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पक्षी बघण्याची फेरी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. तेव्हा भोवत्यासारखे हिवाळी पाहुणेही असतात. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्या दिवसांत शहरातून कोणी येणार नाही. चौथी खेप पेरणीची, पहिल्या दमदार पावसानंतर. ती अंडी घालण्याच्या काळातच येते, म्हणून त्या दिवशी पाच-सहा जाणतीच माणसं न्या. आधी त्यांनी तीन-तीन मीटर अंतराने ओळ धरून तुकड्यावरून हळू चालायचं. अंडी दिसली तर खूण रोवू नका, कारण खूण कुत्र्या-कावळ्यांनाही दिसते. जवळच्या एखाद्या ठळक दगडावरून जागा लक्षात ठेवा आणि तिच्याभोवतीचे तीस मीटर सोडून द्या.

आधीची मोजणी

काम सुरू करण्यापूर्वी माळ कसा होता याची नोंद नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. एक मीटर बाजूचा चौकोन करा: चार मीटर सुतळी, दर मीटरला गाठ, चार खुंट्या. तुकड्यात दहा ठिकाणी तो मांडा. जागा मनाने निवडू नका, नाहीतर हात आपोआप हिरव्या जागी जातो. एका कोपऱ्यापासून ठरावीक पावलं, समजा तीस, चालून मांडत जा. प्रत्येक चौकोनात गवताची बेटं किती, उघडी जमीन अंदाजे किती टक्के, वेड्या बाभळीची रोपं किती, लेंड्या आहेत का, एवढंच लिहा. प्रत्येक चौकोनाजवळ क्रमांक रंगवलेला दगड अर्धा पुरून ठेवा. तिथूनच उत्तरेकडे तोंड करून, छातीच्या उंचीवर मोबाईल धरून एक फोटो घ्या. शाळेची नववी-दहावीची मुलं हे काम दीड तासात नीट करतात.

वेडी बाभूळ काढणं

हिला बरेच जण चिलार म्हणतात. ती वरून तोडली की एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. याचं कारण जमिनीखाली आहे. खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे गाठीसारखा फुगीर भाग असतो आणि फुटव्याचे डोळे त्यात असतात. तो भाग निघाल्याशिवाय झाड मरत नाही. म्हणून कुऱ्हाडीच्या जोरावर एका दिवसात साफ केलेला माळ दोन पावसाळ्यांत आधीपेक्षा दाट होतो.

आदल्या दिवशी जाणत्या माणसाने काढायच्या झाडांना लाल चिंध्या बांधाव्यात. देशी बाभळीला पिवळी गोल फुलं आणि मण्यांच्या माळेसारखी आवळलेली, पांढुरक्या लवेची शेंग असते. वेड्या बाभळीला फिकट पिवळे लांबट तुरे आणि गुबगुबीत, पिकल्यावर पिवळसर होणाऱ्या शेंगा असतात. हिवर, बोर, हिंगणबेट यांना हात लावायचा नाही. सर्वात जास्त चूक सौंदडीच्या बाबतीत होते, कारण ती वेड्या बाभळीची सख्खी नातलग आहे आणि तुरेही तसेच येतात. सौंदडीचे काटे आखूड, बुंध्याशी रुंद आणि फांदीवर विखुरलेले असतात, वेड्या बाभळीचे पेरावर, बहुधा जोडीने. शंका असेल त्या झाडाला चिंधी बांधायची नाही.

तीन जणांचा एक गट. पहिला खणतो, दुसरा फांद्या तोडतो, तिसरा ओढून ढिगावर नेतो; वीस मिनिटांनी कामं बदलायची. तीस जणांना दहा कुदळी, पाच पहारी, दहा कोयते, दोन करवती, चार खोरी, दहा घमेली पुरतात. काटेरी फांद्या हाताने ओढू नका, बेळकं म्हणजे दोन फाट्यांची काठी वापरा. चामड्याचे हातमोजे निदान वीस जोड हवेत, कापडी मोज्यातून काटा आरपार जातो. स्लिपर घालून आलेल्याला कामाला लावू नका. हा काटा पातळ तळव्यातूनही घुसतो आणि आत मोडला की पू होतो. चिमटा, जंतुनाशक आणि पट्ट्या सोबत ठेवा. काटा खोल गेलेल्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

खणण्याची रीत अशी. बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल माती उकरायची. अंगठ्याएवढ्या रोपाला वीतभर खोल, मनगटाएवढ्याला दीड वीत. फुगीर भाग संपून मूळ सरळ खाली जायला लागलेलं दिसलं की तिथे, त्या भागाच्या खाली, पहारीने किंवा कोयत्याने तोडायचं. खड्डा लगेच बुजवून पायाने दाबायचा, नाहीतर मेंढीचा पाय मोडतो. मनगटापेक्षा जाड खोडाच्या नादी स्वयंसेवकांनी लागू नये. ती झाडं कसबी मजुरांना द्या किंवा पुढच्या वर्षी ठेवा. अर्धवट तोडलेलं झाड न तोडलेल्या झाडापेक्षा वाईट. एका गटाकडून सकाळच्या दोन तासांत मनगटाएवढी दहा झाडं निघतील असं धरून चाला. तेवढ्यावरच चिंध्यांची संख्या ठरवा.

शेंगांकडे दुर्लक्ष केलं तर सगळं व्यर्थ. शेळ्या-मेंढ्या त्या आवडीने खातात, बी पोटातून न मोडता बाहेर पडतं आणि लेंडीतच उगवतं. फांद्या ओढण्यापूर्वी शेंगा पोत्यात भरा. त्या माळाबाहेर नेऊन जाळा किंवा पार दळून जनावराला घाला. दळल्यावर बी मरतं. शेंगा काढलेल्या काटेरी फांद्या बंद तुकड्याच्या कुंपणाला उत्तम. उरलेलं सरपण ठरावात लिहिल्याप्रमाणे त्याच दिवशी हलवा. माळावर काहीही पेटवू नका. ऑक्टोबरात गवत वाळायला लागलेलं असतं.

जमिनीतलं जुनं बी अनेक वर्षं उगवत राहतं. पुढच्या ऑक्टोबरात बोटभर रोपं दिसली तर खचू नका, ओल्या जमिनीतून ती हाताने मुळासकट निघतात. तीन वर्षं हे करावंच लागतं.

गवताचं बी

मारवेल, पवन्या, शेडा, डोंगरी, अंजन ही गोळा करायची गवतं. कुसळी टाळा, तिचं कुसळ मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत शिरतं आणि मेंढपाळ तुमच्यावर नाराज होतात, तेही बरोबरच. बी त्याच तालुक्यातलं, तशाच जमिनीवरचं असावं. रस्त्याकडेची, बांधावरची आणि कालव्याकडेची गवतं त्यासाठी बघा. काळ्या रानातल्या मारवेलाचं बी मुरमाड माळावर नेलं तर निराशा होते.

दव उडाल्यावर सुरुवात करा. तुरा दोन बोटांत धरून हलकेच वर ओढला आणि बी सहज सुटलं तर ते पिकलंय. जोर लावावा लागला तर आठ दिवसांनी या. एका जागेवरचं फार तर तिसरा हिस्सा घ्या. प्रत्येक जातीची वेगळी कापडी पिशवी, आत चिठ्ठी: नाव, जागा, तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत बी घामेजतं आणि दोन दिवसांत बुरशी धरतं. सावलीत कापडावर पातळ पसरून आठवडाभर वाळवा, रोज हलवा, मग पिशव्या उंदीर पोचणार नाही अशा ठिकाणी टांगा. ताजं बी लगेच पेरायची घाई नको. यातल्या बऱ्याच गवतांचं बी काही महिने झोपेत असतं, जूनपर्यंत ठेवलं की उगवण सुधारते.

एका हेक्टरला चार ते पाच किलो बी लागतं. पहिल्या सकाळी अर्ध्या तासात एका माणसाने किती जमवलं ते तोलून बघा, त्यावरून किती माणसं आणि किती सकाळी लागतील ते काढा. बी इतकं हलकं असतं की वाऱ्यावर उडून एकाच कोपऱ्यात जातं. म्हणून एक भाग बी, तीन भाग चाळलेली माती आणि एक भाग शेण किंचित ओलं करून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा आणि सावलीत वाळवा. हे काम मे महिन्यात शाळेच्या किंवा देवळाच्या ओट्यावर बसून करता येतं. ज्यांना माळावर चालवत नाही अशा आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेण्याची हीच जागा.

पेरताना उताराला आडव्या, हातभर अंतरावर उथळ रेघा ओढा आणि गोळ्या टाकून बोटाच्या पेराहूनही कमी माती सारा. खोल गेलेलं बी वर येत नाही. जिथे गवत आहे तिथली जमीन अजिबात हलवू नका, फक्त उघड्या जागी पेरा. यंत्राने चर खोदायची सूचना कोणीतरी नक्की करेल. वीतभर मातीच्या माळावर चर खणला की खालचा मुरूम वर येतो आणि माती दबून जाते, म्हणून नको म्हणा.

त्या दिवशी

साडेसहाला जमायचं, सातला काम सुरू, साडेनऊला न्याहारी, साडेअकराला बंद. ऑक्टोबरची हीटसुद्धा कमी नसते. माणशी तीन लिटर पाणी धरा, म्हणजे तीस जणांना वीस लिटरचे पाच जार, आणि प्रत्येकाने घरून पेला आणायचा. न्याहारीला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि दही. चूल लागत नाही, पत्रावळी लागत नाहीत, भाकरीवरच चटणी घेऊन खाता येतं. ध्वनिक्षेपक नको, आणि पाळीव कुत्री घरीच राहू द्या.

दगडाखाली फुरसं असू शकतं. दगड हाताने उलटवू नका, गवतात हात घालण्यापूर्वी काठीने हलवा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि एक गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका. माणसाला निजवा, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन लावा.

हिवाळ्यातल्या फेरीला एका वाटाड्यामागे आठ माणसं, पायवाटेवरून, मळकट रंगाचे कपडे. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, ड्रोन नाही. ‘माळढोक दाखवू’ असं निमंत्रणात कधीही लिहू नका. तो आता अगदी विरळ झाला आहे आणि दिसलाच तर जागा वन विभागाला सांगायची, कुठल्याही गटावर टाकायची नाही. लांडगा, तरस आणि खोकडाच्या बिळांबाबतही तेच. चंडोल, पखुर्डी, धाविक, काळवीट यांवर दोन तास सहज जातात. फेरीनंतर जवळच्या शेतात हुरडा ठेवला तर लोक पुढच्या वर्षी आपणहून विचारतात. शेतकऱ्याला हुरड्याचे पैसे रोख द्या.

नोंदवहीच्या दोन प्रती काढा. एक तुमच्याकडे, दुसरी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे. २००२ च्या कायद्याखाली ही समिती असायलाच हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही तीच ठेवते. उद्या त्या गायरानावर कोणी प्रकल्प मागितला तर ‘ही जमीन पडीक आहे’ या वाक्यासमोर ठेवायला गावाकडे दहा चौकोनांचे आकडे आणि फोटो असतील. पुढच्या ऑक्टोबरात त्याच दहा दगडांशी, त्याच उंचीवर मोबाईल धरून पुन्हा फोटो घ्या. रंग उडाला असेल तर क्रमांक लगेच रंगवून घ्या, त्यासाठी ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश अवजारांच्या पोत्यातच ठेवा.